तिरपं ऊन आणि जुन्नरचे खांब

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून वर आलेली माणसं बहुधा सरळ गिरिजात्मजाच्या दर्शनाला सातव्या लेण्यात जातात. शेजारचं सहावं लेणं त्यामुळे रिकामंच असतं. ते चैत्यगृह आहे. सुमारे तेरा मीटर खोल, पावणेसात मीटर रुंद आणि आठ मीटरांहून उंच. दोन्ही अंगांना खांबांची रांग, टोकाला स्तूप आणि डोक्यावर दगडात कोरलेले वासे. हे वासे छताचा भार घेत नाहीत. लाकडी चैत्यगृहाला जसे वासे असायचे, तसे ते सवयीनं कातळात उतरवलेले आहेत. खांबांच्या माथ्यावर, मान मागे टाकली तरच दिसतील अशा उंचीवर, जोडीजोडीनं प्राणी बसलेत. कुठे हत्ती, कुठे सिंह, कुठे वाघ.

पहिल्यांदा मी तिथे फोटो काढले ते फ्लॅश लावून. घरी येऊन पाहिलं तर प्राण्यांची रांग कणकेच्या गोळ्यांसारखी सपाट दिसत होती. सोंड कुठे संपते आणि गंडस्थळ कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. दुसऱ्या खेपेला फ्लॅश पिशवीतच ठेवला आणि दाराशी बसून राहिलो. डिसेंबरची सकाळ होती. ऊन ओसरीच्या फरशीवर उतरलं आणि तिथून उडालेला उजेड खालून वर खांबांच्या माथ्यांपर्यंत पोचला. दाराजवळच्या खांबावरच्या हत्तीच्या सोंडेला वरच्या बाजूनं एक बारीक सावली आली, कानाची कड सुटी झाली आणि कपाळाचा फुगीरपणा जाणवायला लागला. तेव्हा कळलं की फोटोत हत्ती येतो तो दगडाचा नसतो, दगडावर पडलेल्या सावलीचा असतो. सावली नसेल तर कितीही महागडी लेन्स असली तरी हाती काही लागत नाही.

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर असतो. उजेड जिथून जातो तिथेच डोळा असला की प्रत्येक उंचवट्याची सावली त्याच उंचवट्यामागे लपते. कोरीवकामाला उजेड हवा तो बाजूनं, वरून किंवा खालून. समोरून नको. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, तिरीप. कौलातून किंवा फटीतून येणारी उन्हाची तिरीप भिंतीला घासत जाते, तेव्हा गिलाव्यातली बोटांची खूणसुद्धा दिसते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या टाकीचे घाव बघायचे असतील, तर अशा तिरिपेचीच वाट पाहावी लागते.

इजिप्तच्या कारागिरांनी ही गोष्ट फार नीट ओळखली होती. त्यांच्या देवळांवर दोन तऱ्हांचं कोरीवकाम आढळतं. एकात आकृतीभोवतीचा दगड काढून टाकतात आणि आकृती वर उठते. दुसऱ्यात भोवतीची भिंत आहे तशी ठेवून आकृतीच आत खोदतात. वाळवंटातल्या रखरखीत उन्हात उठावाचं नाजूक काम पुसट होतं. खोदीव आकृतीच्या कडेला मात्र धारदार काळी सावली पडते आणि ती लांबूनही वाचता येते. म्हणून बाहेरच्या भिंतींवर बहुधा खोदीव काम आणि आतल्या मंद उजेडात उठावाचं, असा त्यांचा सर्वसाधारण रिवाज. कर्नाकच्या १३४ खांबांच्या मंडपात सेती पहिला याच्या काळातलं काम उठावाचं आहे, तर त्याचा मुलगा रामसेस दुसरा यानं पुढे खोदीव पद्धत घेतली. बाप आणि मुलगा उन्हाकडे वेगळ्या नजरेनं बघत होते, असं मला हे वाचताना वाटलं.

जुन्नरच्या कारागिरांचा दगडही वेगळा आणि ऊनही वेगळं. नाईल नदीकाठचा वालुकाश्म फिकट, सोनेरी. आपला कातळ काळा, लाव्हाचा. पहिली गंमत कॅमेऱ्याच्या मीटरपासूनच सुरू होते. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे, असं मीटर धरून चालतो. समोर सगळा काळा कातळ आला की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो फोटो उजळ करतो. काळा दगड राखेसारखा होतो. अशा वेळी एक्स्पोजर मुद्दाम अर्ध्या ते एका स्टॉपनं कमी करावं लागतं. मोबाईलवर काढत असाल तर बोटानं दगडावर टिचकी मारून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची, इतकंच. लेण्याच्या आत उलटं होतं. चौकटीत दाराबाहेरचं लख्ख आभाळ आलं की मीटर घाबरतो आणि आतले खांब डांबरात बुडवतो. तेव्हा दार चौकटीबाहेर ठेवावं, नाहीतर एकाच जागेवरून कमी-अधिक उजेडाचे तीन-चार फोटो काढून नंतर जोडावेत.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत १८०हून अधिक लेणी आहेत. शिवनेरी, तुळजा, मानमोडी, लेण्याद्री, असे गट. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आगेमागे काम सुरू झालं आणि इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत ते चाललं. कोकणातली बंदरं, कल्याण, मग नाणेघाट चढून जुन्नर आणि पुढे पैठण, असा व्यापाराचा रस्ता होता. लेण्याद्रीच्या या सहाव्या लेण्याचा दातासुद्धा शिलालेखात कल्याणचाच सांगितलाय, हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. घाटाखालच्या माणसानं घाटावर चैत्यगृह कोरवून घेतलं.

आता उन्हाचं पंचांग. हा भाग मला फार आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो.

लेण्याद्रीच्या लेण्यांची तोंडं दक्षिणेकडे आहेत. जुन्नर साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एवढ्या दोन गोष्टींवरून वर्षभराचा हिशेब मांडता येतो. डिसेंबरच्या शेवटी सूर्य दुपारी बारालाही क्षितिजापासून फक्त ४७ अंश वर असतो आणि दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे ऊन लेण्यात शिरतं. ओसरीत, दारातून आत, फरशीवर. आतले खांब आणि स्तूप टिपायचे असतील तर मार्गशीर्ष-पौषाचे दिवस धरावेत. उन्हाचा थेट तुकडा फोटोत आला नाही तरी चालतं. फरशीवरून उसळलेला उजेडच कामाचा असतो.

मे महिन्यात सगळं पालटतं. सतरा मेच्या सुमारास सूर्य जुन्नरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या कातळाला त्या दिवसांत थेट ऊन जवळपास लागतच नाही. उन्हाळ्याच्या सुटीत लेणी बघायला आलेली मंडळी सांगतात की दर्शनी भाग सपाट आणि मळकट दिसला. दोष दगडाचा नाही, तिथीचा आहे.

आणि या दोन्हींच्या मध्ये विषुवदिन. मार्चचा तिसरा आठवडा आणि सप्टेंबरचा तिसरा-चौथा. त्या दिवशी सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. अगदी दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या भिंतीचं गणित केलं, तर दिवसभरात कुठल्याही वेळी ऊन भिंतीशी १९ अंशांपेक्षा मोठा कोन करत नाही. सकाळी ते पूर्वेकडून भिंत घासत येतं, दुपारी वरून घासत उतरतं, संध्याकाळी पश्चिमेकडून. म्हणजे अख्खा दिवस तिरीप! दर्शनी भागावरच्या कमानी, वेदिकापट्ट्या, टाकीच्या खुणा यांच्यासाठी यासारखा दिवस नाही. सप्टेंबरमध्ये ढगांचा भरवसा नसतो, म्हणून मी मार्चवर जास्त विसंबतो. होळीच्या आगेमागे जुन्नरला जायचं, सकाळी सातच्या आत पायथा गाठायचा.

सकाळी लवकर जाताना एक काळजी. जुन्नर हा उसाचा आणि बिबट्यांचा मुलूख आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, ते उगाच नाही. अंधारात उसाच्या बांधावरून एकट्यानं चालू नये. लेण्यांत आग्यामोहोळं लटकलेली असतात. त्यांच्याखाली उभं राहून उदबत्ती, विडी किंवा भडक अत्तर तर नकोच, पण मोठ्यानं हाकाही मारू नयेत. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरची माकडं तर लेन्सचं झाकणही उचलून नेतात. खाऊची पिशवी खालीच ठेवा.

आत शिरल्यावर तिपाईचा प्रश्न येतो. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत तिपाई लावायला परवानगी लागते, ड्रोनला तर लागतेच. परवानगी नसेल तर मी एक सोपी युक्ती करतो. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात किलोभर तांदूळ भरून नेतो. फरशीवर ती पिशवी, तिच्यावर कॅमेरा दाबून बसवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर सहज मिळतं. उजेड वाढवायला पांढरी चादर न्यावी. दाराशी उन्हात एकानं ती तिरकी धरली की आतल्या खांबांवर मऊ उजेड पसरतो. आरसे आणि पांढरी कापडं वापरून उन्हाला आत वळवायची ही रीत अजिंठ्यात चित्रं उतरवणाऱ्यांना ठाऊक होती, आणि इजिप्तच्या थडग्यांतही ती चालायची. जुन्नरच्या काही छतांवर अजून रंगाचे अवशेष आहेत. तिथे फ्लॅशपेक्षा चादर शंभरपट बरी.

खांब उभेच दिसायला हवेत, हे सांगायला सोपं आणि करायला कठीण. मान वर करून कॅमेरा वर केला की दोन्ही बाजूंचे खांब वरच्या अंगाला एकमेकांकडे झुकतात, जणू लेणं कोसळतंय. कॅमेरा पातळीत धरायचा आणि शक्य तितकं मागे जायचं. मागे भिंत लागली तर खांबाचा खालचा भाग फोटोत जास्त आला तरी चालेल, तो नंतर कापता येतो. मोबाईलची रुंद लेन्स खांबांना पोट काढते, विशेषतः चौकटीच्या कडेला. म्हणून खांब कडेला नको, जरा आत. जुन्नरचा सातवाहनी खांब मुळात फार नेटका असतो. खाली पायऱ्यांचा चौथरा, त्यावर घट, मग अष्टकोनी दंड, वर पालथा घट, त्यावर आमलक आणि पुन्हा उलट्या पायऱ्या, आणि सगळ्यात वर ते प्राणी. अष्टकोनी दंडाच्या समोर दिसणाऱ्या बाजूंवर उजेड पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातो. पहिली लख्ख, दुसरी जरा कमी, शेवटची काळी. हा उतार फोटोत आला की खांबाला गोलाई येते.

खांबांबद्दल बोलायचं तर तुळजा लेणी टाळताच येत नाहीत. जुन्नरच्या पश्चिमेला पाडळीजवळ तुळजाभवानीचं ठाणं आहे, त्याच्या शेजारचं गोल चैत्यगृह. सगळीकडे खांब दोन रांगांत असतात, इथे ते वर्तुळात उभे आहेत. बारा साधे अष्टकोनी खांब, प्रत्येक सुमारे अकरा फूट उंच, मधे स्तूप आणि वर घुमट. सगळ्या वर्तुळाचा व्यास साडेपंचवीस फुटांच्या आसपास. खांबांवर नक्षी जवळपास नाही. कर्नाकच्या मंडपाच्या मधल्या दोन रांगांतही बाराच खांब आहेत, पण ते एकेक एकवीस मीटर उंच. मी दोन्हींची तुलना करत नाही, फक्त बारा हा आकडा मनात घोळत राहतो. तिथे माणूस खांबापुढे मुंगी होतो, इथे तो खांबांच्या वर्तुळात येऊन जवळजवळ त्यांच्यातला तेरावा होतो. या लेण्याचा फोटो काढताना मी नेहमी एका माणसाला स्तूपाशी उभं करतो. पाडळीचे एक म्हातारे बाबा एकदा आनंदानं उभे राहिले, पण आधी म्हणाले, “आधी आईचं दर्शन घ्या, मग फोटूचं बघू.” दर्शन घेऊन आलो तोवर उजेडही बरा झाला होता.

माणूस उभा करण्याची ही तऱ्हा फार जुनी आहे. फ्रेंच लेखक मॅक्सिम द्यू कां १८५० साली इजिप्तमधल्या अबू सिंबेलला पोचला, तेव्हा राक्षसी पुतळ्यांचा आकार कळावा म्हणून त्यानं आपल्या नावेवरच्या खलाशाला त्यांच्या अंगाखांद्यावर उभं केलं. १८५२ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथातले ते फोटो आजही मोजमापासाठी उपयोगी पडतात. त्याच सुमाराला मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे दोघंही तिचे सभासद होते. भाऊ दाजींना लेण्यांतल्या शिलालेखांचं वेड होतं, त्यामुळे हे सभासदत्व योगायोगाचं नव्हतं. लेख वाचायचा तर आधी तो नीट दिसायला हवा. १८५५ साली कॅप्टन थॉमस बिग्ज यांना मुंबई सरकारनं विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंचे फोटो काढण्याच्या कामावर नेमलं. रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याची चित्रं रंगवता रंगवता कॅमेरा हाती घेतला. तेव्हा काचेवर लेप लावून तो ओला असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा, दहा-पंधरा मिनिटांत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काच त्याहून लवकर सुकायची. अंधाऱ्या लेण्यात एकेका फोटोला मिनिटामागून मिनिटं जायची. त्या काळातल्या अनेक फोटोंमध्ये माणूस हललेला दिसत नाही, यात त्या माणसांचा संयमही आहे.

शिलालेखांचं मात्र फोटोनं भागलं नाही, फार काळ. ओला कागद दगडावर थोपटून, शाई फिरवून ठसे घेतले जायचे. भाऊ दाजींसाठी लेण्यालेण्यांत फिरणारे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ साली पश्चिम भारतातल्या लेण्यांतले शिलालेख एकत्र छापले. जुन्नरचे लेख वाचायला आजही तेच पुस्तक हाताशी लागतं.

मानमोडीच्या डोंगरावर मी एक सकाळ चार अक्षरांसाठी घालवली. भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर कमळाच्या पाकळ्यांसारखी अर्धवर्तुळाकार कमान आहे. तिच्यात गजलक्ष्मी आहे, वर नाग आणि गरुड. बाहेरचं काम एवढं देखणं आणि आत मात्र खोदकाम अपुरं राहिलेलं. त्याच दर्शनी भागावर दात्याचा लेख आहे, चंद नावाच्या यवनाचा. गाभ्याचं दार, म्हणजे हा दर्शनी भाग, त्यानं दान दिला. जुन्नरमध्ये असे आणखी दोन यवन भेटतात. इरिलानं पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या आणि चिटानं भोजनमंडप दिला. यवन म्हणजे तेव्हा ग्रीक किंवा पश्चिमेकडची परदेशी माणसं. ती इथे आली आणि इथल्या लिपीत, इथल्या भाषेत नाव कोरून गेली.

सावलीत असताना तो लेख नुसत्या डोळ्यांना ओरखड्यांसारखा दिसतो. माझ्या मित्रानं कळकाच्या लांब काठीच्या टोकाला विजेरी बांधली. दगडाला काठी लागणार नाही इतकी लांब धरून उजेड डावीकडून अगदी भिंतीलगत सोडला. मी खाली लांब पल्ल्याची लेन्स लावून बसलो. पहिलं अक्षर सुटं झालं, य. खाली नांगरासारखा वाक आणि मधून उभा दांडा. मग व, गोल पोट आणि वर छोटी काठी. मग न, उभ्या रेघेखाली एक आडवी रेघ, इतकी साधी की वाटावं कुणी तराजूच उलटा ठेवलाय. मग स. ‘यवनस’, म्हणजे यवनाचं. विजेरी उजवीकडे नेली तेव्हा न ची आडवी रेघ पुसली गेली, पण स चा पाय, जो मघाशी दिसत नव्हता, तो वर आला. म्हणून एका बाजूच्या उजेडात एक फोटो कधीच पुरत नाही. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, असे किमान चार फोटो घ्यावेत, कॅमेरा तसूभरही न हलवता. याच तत्त्वावर २००१ साली टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. चाळीस-पन्नास दिशांनी उजेड टाकून घेतलेले फोटो संगणकात एकत्र केले की नंतर पडद्यावर उजेड आपल्या बोटानं फिरवता येतो. इजिप्तपासून इंग्लंडपर्यंत जगभरचे झिजलेले लेख त्यानं वाचले जातायत.

लेख दिसावा म्हणून खडूनं अक्षरं भरणारी, पाणी शिंपडणारी, तेल चोळणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून हे कुणी करू नये. खडूचा चुरा खाचेत बसतो. पुढच्याला मूळ खाच कुठली आणि खडूची रेघ कुठली, हे कळत नाही. तेलावर धूळ धरते. एक विजेरी आणि एक काठी पुरेशी असताना दगडाला हात कशाला लावायचा?

त्याच डोंगरावर, भीमाशंकर गटात, नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. ‘वर्ष ४६’ अशी नोंद करून त्यानं पोढी आणि मंडप दिला. इथे वर्षाचा आकडा महत्त्वाचा. त्यावरून क्षत्रप नहपान याचा काळ लावण्यात अभ्यासकांनी केवढा वाद घातला! फोटोत जर तो आकडा धूसर आला तर पुढे वाचणारा फसेल. म्हणून लेखाचा फोटो घेताना आकड्यांचा वेगळा जवळचा फोटो घ्यावा, सोबत मोजपट्टी ठेवून. मोजपट्टी नसेल तर रुपयाचं नाणं चालतं, पण ते दगडावर चिकटवू नये, खाली किंवा शेजारी धरावं.

नाणेघाटात तर आकडेच आकडे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागणिका हिचा लेख दोन भिंतींवर पसरलाय. यज्ञ, दक्षिणा, गाई, हत्ती, घोडे, कार्षापण आणि त्यांच्यापुढे ब्राह्मी अंक. अंकांच्या इतिहासात हा लेख जगभर उल्लेखला जातो. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आज वर नावं उरलीत, सिमुक, नागणिका आणि सातकर्णी, कुमार, महारठी, आणि खाली फक्त पावलं. मधे काही नाही. मी या भिंतीचा फोटो नेहमी पूर्ण घेतो. नाव, रिकामा दगड आणि पावलं तिन्ही एका चौकटीत. नुसत्या पावलांचा जवळून घेतलेला फोटो सुंदर येतो, पण तो खरं सांगत नाही.

बांधीव देवळांची गोष्ट वेगळी. कुकडीच्या उगमाशी, पूरच्या कुकडेश्वराच्या भिंतींवर आणि दारावर बारीक नक्षी आहे. खिरेश्वरच्या नागेश्वराच्या मंडपाचं छत तर पाठीवर निजूनच बघावं. छताचे फोटो घेताना कॅमेरा जमिनीवर आडवा ठेवून, लेन्स आभाळाकडे करून टायमर लावला की रेघा सरळ येतात. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ अशा देवळांना मानवतं. उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या मऊ पडतात आणि ओल्या दगडाचा रंग खरा दिसतो. शिलालेखांना मात्र ढग नकोत. देवळांमध्ये पूजाअर्चा चालू असते. गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी गुरवाला विचारावं आणि तो नाही म्हणाला तर कॅमेरा खाली ठेवावा. आंबेगाव आणि खेडच्या सीमेवरच्या भीमाशंकरला, मंचर-घोडेगावकडून जाताना, गर्दीत खांब टिपणं अवघडच. तिथल्या, वसईच्या मोहिमेनंतर चिमाजीअप्पांनी आणलेल्या घंटेसमोर मी बराच वेळ काढला. धातू दगडासारखा उजेड पसरवत नाही, आरशासारखा फेकतो. तिच्यासाठी छत्री उघडून मधे धरावी लागली.

परतताना घोडेगावात ओळखीच्या घरी थांबलो होतो. त्या घरच्या आजी मूळच्या जुन्या आंबेगावच्या. ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. आज तालुक्याला ज्याचं नाव आहे ते गाव बघायचं तर पाण्याकडे बोट दाखवावं लागतं. रामसेसचं अबू सिंबेल धरणाच्या पाण्यातून वाचवायला १९६४ ते १९६८ या काळात कापून, उचलून ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडलं. गावातल्या ओसऱ्यांना तेवढं भाग्य कुठलं. आजींनी ट्रंकेतून लग्नातला एक काळा-पांढरा फोटो काढला. नऊवारीतल्या बायका आणि मागे ओसरीचा लाकडी खांब, त्याच्या माथ्यावर कोरलेली केळफुलं. फोटो पिवळा पडला होता, पण केळफुलाची पाकळी न् पाकळी मोजता येत होती. खांबाच्या उजव्या अंगाला लख्ख ऊन होतं आणि डाव्या अंगाला काळी सावली.

“आजी, तुमची ओसरी दक्षिणेकडं होती का?”

“व्हय. तुला रं कसं ठावं?”

“आणि फोटो सकाळचा. पण लग्न वैशाखातलं नसणार. वैशाखात सकाळचं ऊन दक्षिणेच्या ओसरीला लागत नाही.”

आजींनी फोटो हातात घेतला, खिडकीजवळ नेला, उजेडात तिरका धरला आणि बराच वेळ त्या खांबाकडे पाहत राहिल्या.

“माघातलं,” त्या म्हणाल्या. “हळद लागली त्या सकाळचा हाय.”